बॅलट पेपर परत आला म्हणजे झालं काय? (बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी जरूर बोला)

अनगोळकर
४ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की स्थानिक संस्थांच्या निवडणुका इथून पुढं मशीनवर नकोत, मतपत्रिकेवर घ्याव्यात, अशी शिफारस राज्य निवडणूक आयोगाला करायची. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर वातावरण असं, की महापालिकेवर भगवा परत फडकलाच जणू. परवा एकजण म्हणाला, "आता बघ, कागद खोटं बोलत नाही." मी चहा संपवून गुपचूप घरी आलो, तिथं बोललो असतो तर भांडण झालं असतं. म्हणून धागा काढतोय. इथं भांडा.

३ सप्टेंबर २०२१ ला महापालिकेच्या निवडणुकीत मी एका शाळेतल्या केंद्रावर पोलिंग एजंट होतो, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराचा. बसायला पहिलीच्या पोरांचं बाक, गुडघे छातीला लागलेले. हातात यादी, फूटपट्टी, पेन्सिल. माणूस आला, नाव पुकारलं की फूटपट्टी लावून खूण करायची. सकाळी साडेसातलाच आमच्या गल्लीतले एक काका आले, ऐंशीच्या पुढचे, इस्त्रीची टोपी घालून. जन्मापासून त्याच घरात राहणारे. यादीत नाहीत! तासाभरानं सापडले ते रस्त्यापलीकडच्या वॉर्डात. सून आमच्याकडं, मुलगा तिसऱ्याच केंद्रावर. विधानसभेची यादी घेऊन ती वॉर्डाप्रमाणे कापतात, कापताना कात्री त्यांच्या घरातनंच गेली म्हणायची. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे, पाय दुखतात," आणि गेले. दुपारपर्यंत मी मागच्या कोऱ्या पानावर अशा परत गेलेल्यांच्या रेघा ओढत होतो. पाच-पाचच्या चार जुड्या झाल्या.

संध्याकाळी मशीन बंद झालं. अधिकाऱ्यानं सांगितलेला एकूण मतांचा आकडा आणि माझ्या यादीवरच्या खुणा, एकाचाही फरक नाही. त्या वीसजणांचा हिशेब मात्र कुठल्याच कागदावर नाही.

निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. ५८ पैकी भाजप ३५, काँग्रेस १०, आणि आधीच्या सभागृहात मराठी गटाचं बहुमत असताना ह्यावेळी समिती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सगळ्यांनी मशीनला शिव्या घातल्या, मीही घातल्या. पण पुढं काय झालं ते कुणाला आठवतं? निवडून आलेल्या त्या ५८ जणांना महापौर निवडायला मिळाला ६ फेब्रुवारी २०२३ ला. सतरा महिने! त्याआधी २०१९ पासून प्रशासक होताच. ह्यात मशीनचा काय संबंध?

माझं म्हणणं एवढंच, की मत हरवतं ते बटण दाबायच्या आधी यादीत, नाहीतर दाबल्यानंतर कुलपात. आपण मधल्या त्या पेटीकडंच बघत बसलोय.

गणपतगल्ली_बे
एकूण आकडा जुळला म्हणजे माझं मत माझ्याच माणसाला गेलं, हे कसं कळलं बे तुला? हजार लोकांनी बटण दाबलं, मशीननं हजार दाखवलं. ते तर दाखवणारच की. त्यातली किती कुणाला, ते कुणी बघितलं?

लोकसभेला, विधानसभेला निदान मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी (व्हीव्हीपॅट) सात सेकंद काचेमागं दिसते. महापालिकेला तेवढं पण नव्हतं. त्यावेळी आपल्या लोकांनी हेच विचारलं तर "हरल्यावर रडतात" म्हणाले. आणि चिठ्ठ्या असून तरी काय, मोजतात कुठं? एका विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या. सुप्रीम कोर्टानं पण २६ एप्रिल २०२४ ला शंभर टक्के मोजणीला नको म्हटलं.

कागद निदान उलगडून दाखवता येतो. आमच्या आज्जीला कळतो. ज्या गोष्टीवर अडाणी माणसाला विश्वास ठेवायला इंजिनिअर आणावा लागतो, ती लोकशाहीत कशाला पायजे?

अनगोळकर
आज्जीचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, खरंच नाही. बॅलटला माझा विरोध नाहीच, बॅलट आला की आपण झोपणार, त्याला विरोध आहे.

उचगावचे_मास्तर
निवृत्त शिक्षक आहे. पंचायतीपासून लोकसभेपर्यंत इलेक्शन ड्युट्या केल्या, त्यामुळे दोन शब्द.

पहिली गोष्ट, 'परत आला' हे शहरवाल्यांचं झालं. खेड्यात तो गेलाच नव्हता. २०२० च्या डिसेंबरात आपल्याकडच्या ग्रामपंचायती झाल्या त्या कागदावरच. बीदर जिल्ह्यात तेवढं मशीन होतं. तेव्हा कागदाच्या निवडणुकीत काय काय होतं ते आम्हाला विचारा. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर. शिक्क्याऐवजी अंगठा. घडी उलटी घातली की ओली शाई समोरच्या उमेदवारावर उमटते, मग दोन्ही बाजूचे एजंट टेबलावर चढतात. म्हणून आम्ही मतदाराला आधी उभी घडी घालून दाखवायचो, मग आडवी. उमटलेला डाग कुठला आणि मूळ शिक्का कुठला हे ओळखायला नजर लागते, आणि रात्री दोन वाजता ती नजर नसते. पाच मतांनी निकाल लागणाऱ्या वॉर्डात बाद मतं वीस असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी गोष्ट तरुणांना ठाऊक नसेल. १९९६ ची लोकसभा. बेळगाव मतदारसंघात उमेदवार किती? ४५६. छपाईची चूक नाही, चारशे छप्पन्न. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून गावागावातनं अर्ज भरले होते. डिपॉझिट तेव्हा ५०० रुपये. गावच्या पंच कमिटीनं, तरुण मंडळांनी वर्गणी काढून भरलं. आमच्या गावचा एक उमेदवार तर अर्ज भरून आला आणि तसाच भात पेरायला शेतात गेला. प्रचार कसला नि काय. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना त्या रामायणाएवढ्या मतपत्रिकेत आपलं नाव शोधायलाच एवढा वेळ लागायचा की रांग शाळेच्या बाहेर मारुतीच्या देवळापर्यंत.

लक्ष गेलं का? गेलं. आंध्रात नळगोंड्याला त्याच निवडणुकीत ४८० उमेदवार होते, त्यांचा प्रश्न पाण्याचा. दिल्लीनं दोन्हीकडं बघितलं आणि त्याच वर्षी कायदा बदलला. खुल्या गटातल्या उमेदवाराचं लोकसभेचं डिपॉझिट ५०० चं १०,००० झालं, अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागायला लागले. पुढं डिपॉझिट २५,००० झालं. सीमाप्रश्न आहे तिथंच. देशाच्या निवडणूक कायद्यात बेळगावचं योगदान काय विचारलं तर हे!

कडोली_एक्सप्रेस
मास्तर 😂😂 हसावं का रडावं. आम्ही फक्त २०१९ ची लोकसभा बघितली. ५७ उमेदवार आणि टेबलावर ओळीनं चार मशीनं. एका युनिटवर सोळाच नावं बसतात. आमचे वडील पहिल्या मशीनपासून चौथ्यापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "प्रदक्षिणा झाली."

खानापूरची_सून
मी चंदगडची, लग्न करून खानापूर तालुक्यात आल्लो. (पुणेकरांनी हसू नये, आमच्यात बायकापण 'आल्लो'च म्हणतात.)

यादीचं म्हणाल तर आपल्या बाजूचं पण बोला की. मी आल्यावर इथल्या बीएलओनं (मतदार यादीचं काम बघणारा सरकारी माणूस) नाव घातलं, तिकडचं कुणी काढलं नाही. दोन वर्षं मी दोन राज्यांची मतदार! तिकडं ग्रामपंचायत लागली तशी भावाचा फोन, "गाडी पाठवतो, ये." गेल्लो नाही. पण कायदा बघून न्हवे हं, लेकराला ताप होता म्हणून. नंतर कळलं की एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात पायजे आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

आणि मी एकटी नाही. आमच्या गावची अर्धी पोरं गोव्यात, मुंबईत. नाव तिथं पण, इथं पण. पंचायतीच्या आदल्या रात्री ट्रॅक्स भरून येतात, सकाळी बोटाला शाई, दुपारी मटण, संध्याकाळी परत. त्यावेळी कुणी म्हणत नाही की लोकशाही धोक्यात आहे.

गणपतगल्ली_बे
ताई, ते गावाकडं यायचंच म्हणून येतात, त्यांचं घर आहे इथं. त्याला बोगस कसं म्हणायचं?

खानापूरची_सून
दोन्हीकडं शाई लागली तर काय म्हणायचं मग? प्रसाद?

निपाणी_तंबाखू
तुम्ही यादी आणि मशीन घेऊन बसलाय. नकाशा कुणी बघायचा?

२००८ च्या पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघच गेले. आज मराठी माणूस लोकसभेला कसा वाटला गेलाय बघा. बेळगावातला बेळगाव मतदारसंघात. आम्ही निपाणीकर चिक्कोडीत. आणि खानापूर थेट उत्तर कन्नडमध्ये, म्हणजे तुमचा खासदार कारवार, शिरसीकडच्यांनी ठरवायचा. आमगाव, कणकुंबीच्या माणसानं अरबी समुद्राच्या खासदाराला आपल्या रस्त्याचं सांगायचं. मुद्दाम केलं की आपोआप झालं, त्यावर भांडत बसत नाही. पण ह्यात यादी शंभर टक्के बरोबर असली, मोजणी कागदाची असली, तरी निकाल आधीच अर्धा लिहिलेला असतो.

अजून एक. २०१९ ला आपल्याच जिल्ह्यातले गोकाक, अथणीचे आमदार राजीनामे देऊन मुंबईच्या हॉटेलात, कागवाडचे राजीनामा न देताच मुंबईच्या दवाखान्यात. सभापतींनी अपात्र ठरवलं, सुप्रीम कोर्टानं अपात्रता कायम ठेवली पण पोटनिवडणूक लढायला मोकळीक दिली. ५ डिसेंबर २०१९ ला मतदान. तिघंही दुसऱ्या चिन्हावर निवडून आले. आता सांगा, माझ्या मताची चोरी कुणी केली? मशीननं का हॉटेलनं?

कडोली_एक्सप्रेस
पण तिघांना परत निवडून दिलं ते लोकांनीच ना?

निपाणी_तंबाखू
तेच तर झोंबतं.

बसव_सदाशिवनगर
नमस्कार. मी कन्नड माणूस, घरी कन्नड, दुकानात मराठी. वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो, चूकभूल माफ करा.

तुम्हाला वाटतं हे मराठी लोकांचंच दुखणं आहे. माझं गाव हुक्केरी तालुक्यात, तिथं मराठी घर एक पण नाही. आमच्याकडं जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीची शेवटची निवडणूक झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. मुदत २०२१ ला संपली. नंतर नाही. आधी कोरोना, मग मतदारसंघ कोणी पाडायचे, मग आरक्षण, मग कोर्ट. घटनेत सरळ लिहिलंय पाच वर्षं, त्याच्या आत निवडणूक घ्या. पण घेत नाहीत. आमच्या गावच्या शाळेचं छप्पर गळतं, कोणाला सांगायचं? पूर्वी झेडपी मेंबरच्या घरी सकाळी जाऊन बसायचो, तो चिडायचा, पण काम करायचा. आता अधिकारी साहेब. ते तीन वर्षांत बदली होऊन जातात, त्यांना माझ्या मताची गरज नाही.

१ नोव्हेंबरला तुमचा काळा दिवस, आमचा राज्योत्सव. दोघं रस्त्यावर, मध्ये पोलीस. बाकी ३६४ दिवस झेडपीची खुर्ची रिकामी, तिथं ना तुमची समिती ना आमची संघटना.

अनगोळकर
बसवण्णा, हे मी लिहायला हवं होतं, राहिलं. शेवटचं वाक्य कट्ट्यावर वाचून दाखवणार आहे, मार तुम्ही खायचा की मी ते नंतर ठरवू.

येळ्ळूरची_माती
बरं चाललंय. कन्नडवाले आले, सगळ्यांना गोड वाटलं, सीमाप्रश्न संपला. १७ जानेवारी १९५६ ला गोळ्या खाल्लेल्यांनी झेडपीच्या छपरासाठी खाल्ल्या काय? २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. महापालिकेनं २००५ ला महाराष्ट्रात जायचा ठराव केला, तर महापालिकाच बरखास्त झाली आणि महापौरांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळं फासलं. निवडून दिलेल्या सभागृहानं ठराव करायचा नाही, तर मग सभागृह निवडायचं कशाला? संस्थांवर विश्वास ठेवा म्हणता. संस्थांनी आमच्यावर कधी ठेवला?

आमच्यासाठी मत म्हणजे अर्ज आहे. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या पोराला १ लाख १७ हजारांवर मतं पडली. जिंकणार नाही हे मत देणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी दिलं.

उचगावचे_मास्तर
बाळ, तुझा राग मला कळतो. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनानंतर हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी जाणाऱ्यांतला मी आहे. पण १९९६ ला आम्हीही अर्जच केला होता. अर्ज करायला हरकत नाही, पण अर्जदाराचं नाव यादीत असावं लागतं.

त्या १ लाख १७ हजारांचं मोल मी कमी करत नाही. भाजप आणि काँग्रेसमधला फरक त्या निवडणुकीत पाच हजारांच्या घरात होता. म्हणजे निकाल कुणाच्या हातात होता बघ. पण त्या जोरावर आपण काय मागितलं? पालिकेचा अजेंडा मराठीत? झेडपीची तारीख? १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेतच ठरलंय की जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेत द्यायचे. तो कागद आपण दर मोर्चाला घेऊन जातो आणि मोर्चा संपला की परत ट्रंकेत ठेवतो.

येळ्ळूरची_माती
मास्तर, तुम्ही आहात म्हणून गप्प बसतो. पटलं म्हणून नाही.

चंदगडी_ढोलताशा
अवांतर: पलीकडं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका हो. आमच्या कोल्हापूर महापालिकेवर २०२० पासून पाच वर्षं प्रशासक होता. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा. दरवाजा दोन्हीकडं बंदच होता, पाटी तेवढी मराठीत.

बेळगुंदीचा_काजू
ग्रामपंचायतीचं एक सांगतो, गावाचं नाव विचारू नका. २०२० ला आमच्याकडं एका वॉर्डात तीन उमेदवार उभे राहणार होते. पंच मंडळींनी देवळात बैठक घेतली. भांडणं नकोत, गावात एकी पाहिजे, वगैरे. मग हळूच विषय निघाला देवळाच्या कळसाचा. जो कळसाला जास्त देणार तो बिनविरोध, बाकीचे माघार. बोली लागली, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. आमच्या वॉर्डात मतदान झालंच नाही. मशीन नाही, बॅलट नाही, शाई नाही.

मीही टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांनी गटाराचं विचारायला गेलो तर मेंबर म्हणाला, "तू काय मला मत दिलंयस?" खरंच दिलं नव्हतं की!

कळस मात्र सुंदर झालाय, लांबून दिसतो.

गणपतगल्ली_बे
हे भारी आहे 🙏 बरं, अनगोळकर, समजा तुझं ऐकलं. यादी, यादी. करायचं काय नेमकं? आळंदचं वाचलंस ना (ज्ञानोबांची न्हवे, कलबुर्गी जिल्ह्यातलं)? २०२३ च्या विधानसभेआधी नावं वगळायचे ६,०१८ अर्ज ऑनलाइन आले, आयोगाच्याच म्हणण्याप्रमाणे त्यातले २४ खरे. तिथं ती नावं वगळली गेली नाहीत, चौकशीत अडली. आपल्याकडं अडवायला कोण बसलंय?

अनगोळकर
बे, पहिल्यांदाच तू आणि मी एका बाकावर. म्हणून तर म्हणतो. मशीन दिवसभर एजंटसमोर असतं, यादी वर्षभर कुणासमोरच नसते.

करायचं ते काही शौर्याचं काम नाही. मसुदा यादी येते तेव्हा आपल्या केंद्राची पानं काढायची आणि गल्लीत बसून मोठ्यानं वाचायची. नाव नाही त्याचा फॉर्म ६. पत्ता, स्पेलिंग चुकलेल्याचा ८. मेलेल्याचा किंवा दोनदा असलेल्याचा ७. बीएलओला तोंडी सांगून सोडायचं नाही, पोच घ्यायची. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळे अठरा झालेल्या पोरांना वर्षभर थांबायचं कारण नाही. पूर्वी पंच कमिटीची माणसं हे करायची असं बाबा सांगतात. आता बॅनर छापतात.

अडचण एकच. माझ्याकडची प्रत कन्नडमध्ये आहे आणि गल्लीतल्या निम्म्यांना वाचता येत नाही. मला येतं, पण माझा वेग म्हणजे दुसरीतलं पोर.

बसव_सदाशिवनगर
मी येतो वाचायला. रविवारी दुकान बंद असतं. चहा मात्र दोनदा पायजे.

येळ्ळूरची_माती
कन्नड माणूस मराठी गल्लीत मराठी नावं कन्नडमधून वाचणार. बघायला तरी येतो.

अनगोळकर
अपडेट. रविवारी देवळाच्या कट्ट्यावर सतरंजी टाकून बसलो. बसवण्णा वाचत होते, मास्तर चष्मा लावून खुणा करत होते, येळ्ळूरकर 'फक्त बघायला' आले आणि तीन तास फॉर्म भरत होते. सात पानं झाली. धागा सुरू केला त्या टोपीवाल्या काकांचं नाव अजून पलीकडंच आहे. त्यांच्या बायकोचं आमच्याकडं आहे, काकू जाऊन चार वर्षं झाली. ते ऐकून काका काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "तिचं राहू दे की."

त्यावर काय करायचं ते कुणालाच सुचेना. मास्तरांनी ती ओळ सोडून पुढचं वाचायला सांगितलं.

आणि एक भानगड. आमच्या गल्लीत ज्ञानेश्वर नावाचा गवंडी आहे. आधारवर त्याचं स्पेलिंग आपल्यासारखं 'डी'नं सुरू होतं. कन्नडमधनं इंग्रजीत जाताना ते 'जे'नं सुरू झालं. त्यामुळे तो यादीत दोनदा आहे, दोन्हीकडं फोटो त्याचाच, एकात मिशी. येळ्ळूरकरांनी फॉर्म ७ पुढं केला, कारणाच्या रकान्यात 'आधीच नाव आहे' लिहिलं. गवंडी हात मागं घेऊन बसलाय. म्हणतो, "माझंच नाव मीच खोडू? आणि चुकून दोन्ही गेली तर?"

मास्तर, ह्याला काय सांगायचं?

उचगावचे_मास्तर
मिशीवाला ठेवा. आणि पोच घ्या.